कुत्र्याच्या चित्राचा डबा

कचऱ्याचा डबा सगळ्यांना हवा असतो, पण आपल्या दारापासून चार घरं पलीकडे. नगरपालिकेत नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा शिकले ते हे. गल्लीतून अर्ज येतो, डबा बसवावा. आम्ही खांब घेऊन जातो, खड्डा काढायला सुरुवात होते, आणि ज्याच्या भिंतीसमोर खड्डा असतो तो माणूस बाहेर येतो. तो भांडत नाही. म्हणतो, "इथं नको ओ मॅडम, तिथं बसवा की. तिथं लई कचरा असतोय." 'तिथला' माणूस तोवर बाहेर येऊन उभाच असतो. शेवटी डबा बसतो तो जे घर त्या दिवशी लग्नाला गेलेलं असतं त्याच्यासमोर.

या अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारे बहुतेक निवृत्त झालेले असतात. माझी नोकरी अजून नवी आहे आणि कंत्राटावर आहे. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. निपाणीहून बेळगावला येताना हमरस्ता सोडून थोडं आत वळलं की जी गावं लागतात त्यांतलं एक. तंबाखूची गोदामं, एक बाजारपेठ, जैन बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ, दोन-तीन नव्या कॉलन्या आणि एक तळं. मी मूळची बेळगावजवळच्या पिरनवाडीची. इथे खोली घेऊन राहते. माझ्या पदाचं नाव पर्यावरण अभियंता असं आहे. घरी आई त्याला कचऱ्याचं ऑफिस म्हणते, आणि ते जास्त बरोबर आहे.

बाहेरच्यांना आमचं काम डबे भरणं आणि डबे रिकामे करणं एवढंच वाटतं. खरं काम जागेचं असतं. पूर्वी गावात कोपऱ्याकोपऱ्यावर कोंडाळी होती, म्हणजे सिमेंटची मोठी कडी, त्यात सगळ्या गल्लीने कचरा टाकायचा. घरोघर गाडी सुरू झाल्यावर कोंडाळी काढून टाकली. पण माणसं सकाळी पिशवी घेऊन त्याच कोपऱ्यावर येत राहिली आणि जिथे कडं होतं तिथेच पिशवी ठेवून जात राहिली. कित्येकांचे आजोबाही तिथेच टाकत होते. अशा जागेला आम्ही ब्लॅक स्पॉट म्हणतो. तिच्यावर उपाय असा, की जागा साफ करायची, मुरूम टाकायचा आणि झाडणाऱ्या बाईने तिथे मोठी रांगोळी काढायची. रांगोळीवर कुणी पिशवी ठेवत नाही. जोवर ती पुसत नाही तोवर. आम्ही कुंड्याही ठेवून पाहिल्या. कुंड्या लोकांना आवडल्या, त्यांनी त्या घरी नेल्या.

येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी खांबावर टांगलेले दोन डबे असतात, हिरवा ओल्यासाठी आणि निळा सुक्यासाठी. त्यात चहाचे कप, नारळाच्या करवंट्या, गुटख्याच्या पुड्या आणि गाडी चुकलेल्या घरांचा सगळा संसार सापडतो. एकच वस्तू त्यात कधी सापडत नाही, ती म्हणजे देवाचा फोटो. काच फुटलेला, वाळवी लागलेला फोटो लोक डब्याच्या झाकणावर ठेवतात किंवा खांबाला टेकवून ठेवतात, तोंड रस्त्याकडे करून. आमची माणसंही तो कचऱ्याच्या गाडीत घालत नाहीत. तो ड्रायव्हरच्या शेजारी बसून गोदामात येतो. गोदामात अशा देवांची एक फळी आहे आणि वॉचमन रोज तिथे उदबत्ती लावतो. फळी भरली की एक दिवस गाडी नदीकडे जाते. त्या दिवशी गाडी कुठे गेली ते मला कुणी सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

डबे चोरीलाही जातात. एक निळा डबा शेवटी एका शेतात सापडला. त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मुकादम म्हणाला, "मॅडम, पिलं निघू देत. मग आणतो." पिलं निघाल्यावर त्याने डबा आणला. धुऊन आणला होता.

पण मला लिहायचं आहे ते तळ्याकाठच्या डब्यांविषयी.

तळ्याभोवती फरशी घालून फिरायची वाट केली, बाकं बसवली, तेव्हा नव्या कॉलनीतले लोक सकाळी तिथे फिरायला येऊ लागले. काही जण कुत्री घेऊन येत. त्यांत निवृत्त प्राध्यापक देसाई सर होते. त्यांचा ब्रूनो नावाचा लॅब्राडोर होता. सर मुलाकडे परदेशात राहून आले होते. तिथे बागेत कुत्र्याच्या विष्ठेसाठी वेगळे डबे असतात, प्रत्येक मालक पिशवीत उचलून त्यात टाकतो, हे त्यांनी पाहिलं होतं. फिरणाऱ्यांची एक संघटना होती, सर तिचे अध्यक्ष होते. त्यांनी वर्षभर पाठपुरावा केला. भले गृहस्थ. प्रत्येक वेळी कार्यालयात आले की माझ्याशी इंग्रजीत बोलत, बहुधा मला बरं वाटावं म्हणून.

शेवटी चार डबे मंजूर झाले. खांबावर पत्र्याची पेटी, समोर ढकलायचं झाकण, आत बादली, आणि वर कागदी पिशव्या ठेवायचा एक कप्पा. मालकाने पिशवी घ्यायची, उचलायचं, पिशवी आत टाकायची. बादलीला आतून एक मोठी पिशवी लावायची, भरली की गाठ मारून तीच उचलायची, म्हणजे कुणाचा हात कशाला लागत नाही. कागदावर व्यवस्था चांगली होती. मीच ती मांडली होती.

डब्यावर काय लिहायचं यासाठी सभा झाली. आमच्या भागात कुठल्याही पाटीवर काय लिहायचं यासाठी सभा होते. कन्नड येणारच होतं. मराठी घालायची का, घातली तर खाली की शेजारी, अक्षर केवढं, यावर दोन्हीकडचे सदस्य बोलू लागले. कुत्र्यांविषयी कुणी बोलत नव्हतं. एक जण म्हणाले, "फक्त इंग्लिश घाला. कुणाला वाईट वाटायला नको."

दुसरे म्हणाले, "आणि कुणाला कळायलाबी नको."

मुख्याधिकाऱ्यांची जेवायची वेळ टळून गेली होती. ते म्हणाले, "अक्षरंच नकोत. कुत्र्याचं चित्र काढा. चित्राला भाषा नसते."

सभा तिथेच संपली. कुणाचाही विरोध नसलेला तेवढा एकच ठराव मी पाहिला आहे.

चित्र गावातल्या पेंटरने काढलं. तो बालवाड्यांच्या भिंती रंगवतो, त्यामुळे त्याचे सगळे प्राणी हसतात. पिवळ्या पत्र्यावर तपकिरी कुत्रं बसलेलं, कान उभे, जीभ बाहेर, डोळे वर कुणाकडे तरी लागलेले. खाली कोपऱ्यात त्याने आपली सही केली.

तळ्याचा भाग झाडायला शेवंताक्का होती. सरकारी शब्द पौरकार्मिक. कायम झालेली, जुनी, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. बारीक अंगाची, कमरेला पदर खोचलेला. कामात चोख होती पण साडेनवानंतर तिला शोधायचं तर चहाच्या गाड्यावर. डब्यांतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ती वेगळ्या पोत्यात भरून विकायची, ते सगळेच करतात. डबे बसल्यावर काही दिवसांनी तिने मला हटकलं.

"मॅडम, डब्यात भाकरी हाय."

"कुठल्या डब्यात?"

"कुत्र्याच्या. चारीबी डब्यांत. ऊन ऊन हाय अजून. येऊन बगा."

मी जाऊन पाहिलं. ज्वारीची भाकरी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. दुसऱ्या डब्यात दोन चपात्या आणि दूधभात. डब्याखाली भटकी कुत्री ओळीने बसली होती आणि त्या झाकणाकडे पाहत होती. चित्रातल्या कुत्र्यासारखीच.

आमच्याकडे बऱ्याच घरांत पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची असते. जैन घरांत तर हे फार कटाक्षाने पाळतात. जुन्या गल्लीत कुत्रं दाराशी येतं. नव्या कॉलनीत कंपाउंड आहेत, गेट आहेत, कुत्रं आत येत नाही. भाकरी घालायची कुठे, हा तिथल्या बायकांना रोज पडणारा प्रश्न होता, आणि तळ्याकाठी नगरपालिकेने कुत्र्याचं चित्र काढलेली पेटी बसवली होती. त्यांना त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

सुरुवातीला याचा कुणाला त्रास नव्हता. शेवंताक्का सकाळी पेट्या उघडायची, भाकऱ्या काढून कुत्र्यांना घालायची आणि पुढे जायची. कुत्री तिच्यामागून वाटभर फिरायची. "माझी पलटण," असं ती म्हणायची. कागदी पिशव्यांचा कप्पा मात्र रोज रिकामा दिसायचा. त्या पिशव्या तळ्याच्या फाटकाशी शेंगा विकणाऱ्याकडे सापडल्या. खारे दाणे मावतील एवढ्याच आकाराच्या होत्या. त्याला पिशव्या कशासाठी आहेत ते सांगितल्यावर त्याने हातातली पुडी उलटसुलट करून पाहिली. "कोऱ्याच हाईत की ओ," म्हणाला.

पिशव्यांची वाट पाहून शेवटी देसाई सर आणि त्यांच्या मित्रांनी डबे ठरल्या कामासाठी वापरायला सुरुवात केली. पिशव्या नव्हत्या म्हणून कुणी वर्तमानपत्रावर उचलून आणायचं, कुणी खुरप्यावर. आणि एका सकाळी एकाच डब्याविषयी माझ्याकडे दोन तक्रारी आल्या. आधी सर आले. विष्ठेच्या डब्यात लोक अन्न टाकतात, असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर पद्माक्का आल्या. भुसारमालाच्या व्यापारी घरातल्या, साठीच्या, पांढरं पातळ, हातात छत्री. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"अन्नाच्या डब्यात लोकं घाण टाकाय लागल्यात. तुमचं लक्ष कुठं असतंय?"

मी म्हटलं, "आक्का, तो डबा त्याच्यासाठीच आहे."

"कशासाठी?"

मी सांगितलं. माझा आवाज मुळातच लहान आहे, आणि असं काही सांगताना तो आणखी लहान होतो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे लोक कामात गढल्यासारखे झाले.

पद्माक्कांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मग जीभ बाहेर काढलेलं कुत्रं कशाला काढलासा? असं तोंडाकडं बघत बसलंय म्हटल्यावर कुणीबी भाकरीच घालणार की."

त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि हळू विचारलं, "म्हंजे इतके दिवस आमची भाकरी त्यात पडत हुती?" मी सांगितलं की शेवंताक्का रोज सकाळी काढून कुत्र्यांना घालायची, डबे नुकतेच घाण व्हायला लागलेत. ते त्यांना थोडं पटलं. गेल्या.

चित्र बदलायचं ठरलं. कुत्रं ते करताना दाखवा, असं पेंटरला सांगितलं. त्याने नकार दिला. "मॅडम, खाली माझं नाव असतंय. बालवाडीची कामं बंद व्हतील माझी." चित्र तसंच राहिलं. पण पद्माक्कांनी कॉलनीत आणि बस्तीत सांगितलं असणार. आठवड्याभरात डब्यांतली भाकरी बंद झाली. आमच्या कुठल्याही सूचनेचा इतका परिणाम मी पाहिलेला नाही.

आता डब्यात फक्त तेच पडू लागलं, ज्यासाठी तो होता. बादलीच्या आत लावायच्या मोठ्या पिशव्या आल्याच नाहीत. खरेदीत डबे होते, पिशव्या नव्हत्या. पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. झाकणाच्या फटीतून पावसाचं पाणी आत जायचं आणि सगळं बादलीच्या तळाला चिकटून बसायचं. म्हणजे बादली उचलून उलटी केली तरी रिकामी होत नव्हती, खरवडावी लागली असती. हे सगळं मी जेव्हा डबा उघडून पाहिला तेव्हा कळलं. उघडायची वेळ आली, कारण शेवंताक्का तो उघडत नव्हती.

"मॅडम, त्यो डबा मी न्हाय उचलणार," तिने सरळ सांगितलं. आम्ही तळ्याच्या पायरीवर होतो. तिच्या हातात चहाचा कप होता.

मी म्हटलं, "हातमोजे मिळालेत ना?"

"मिळाल्यात. पर हातमोज्यात हात माझाच असतोय न्हवं?"

मग तिनेच पुढे सांगितलं. "आमची सासू पाटी उचलायची. डोक्यावरनं. लोकं उठायच्या आत संडास साफ करून यायची. पावसात पाटी गळायची म्हणं. माझं लगीन झालं तवा ते बंद झालतं. मी आलो त्या दिवशी सासूनं सांगितलं, तुझ्या हातात झाडू हाय, तू सुटलीस. दुसरं कायबी करशील, पर ते उचलू नगंस." कप चुरगाळून तिने हिरव्या डब्यात टाकला, नंतर आठवून तिथून काढून निळ्यात टाकला. "सगळं करतो की मॅडम. मेलेलं डुक्कर उचलतो. गटार काढतो. ह्ये न्हाय."

मी तिला काही समजावलं नाही.

हेल्थ इन्स्पेक्टर साहेबांना मात्र समजावणं भाग होतं. जिल्ह्याहून स्वच्छतेची तपासणी यायची होती आणि तळं हे गावातलं दाखवण्यासारखं ठिकाण. साहेब वाईट माणूस नाहीत. मुलांच्या परीक्षा असल्या की बायकांना लवकर सोडतात. ते मला म्हणाले, "मॅडम, आज ही नाही म्हणाली, उद्या दुसरी म्हणेल गटार काढणार नाही. मग गाव कोण साफ करणार, तुम्ही की मी?"

मी म्हटलं, "सर, हाताने मैला उचलायला बंदी आहे."

"माणसाच्या मैल्याला हाय. कुत्र्याचं कुठं लिवलंय दाखवा."

मी रात्री कायदा वाचून काढला. त्यांचं बरोबर होतं. कुत्र्याचं कुठेच लिहिलेलं नाही.

साहेबांनी मुकादमाला सांगितलं, डबे रिकामे करेपर्यंत हिची हजेरी लावायची नाही. आमच्याकडे सकाळी मुकादम फोनवर प्रत्येकाचा चेहरा टिपतो, तीच हजेरी. शेवंताक्का रांगेत उभी राहायची, तिची पाळी आली की मुकादम फोन खाली करायचा. ती झाडू उचलून तळ्यावर जायची आणि रोजच्यासारखं झाडायची. हजेरी नाही म्हणजे गैरहजर. असे दिवस साठत गेले की सेवेत खंड पडतो, आणि निवृत्तीच्या तोंडावर खंड पडला की सगळंच लांबतं. हे तिला माहीत होतं. तिच्या घरी नवरा अंथरुणावर होता, कमावणारी ती एकटी. हेही सगळ्यांना माहीत होतं.

मुकादमाला हे जड जात होतं. तो तिच्या गल्लीतलाच. एका सकाळी मी ऐकलं, तो तिला म्हणत होता, "आक्का, एकदाच उचल की गं. फोटो काढतो, साहेबाला पाठवतो, मिटलं."

"एकदा उचललं की माझंच झालं रं त्ये."

"कुणाला कळतंय गं?"

"तुज्या फोटुत दिसंल की," ती म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या. मुकादमही हसला. पण फोन त्याने वर केला नाही.

काही दिवसांनी तिला नोटीस निघाली आणि फाईल माझ्याकडे अभिप्रायासाठी आली. मी सभेत बोलत नाही. मला ते जमत नाही, आणि मी बोलले की माझ्या मराठीत इंग्रजी येतं, कन्नडमध्ये मराठी येते, आणि लोक मुद्दा सोडून त्याकडे लक्ष देतात. पण लिहिता येतं. इंग्रजीत लिहिलेला अभिप्राय आमच्याकडे कुणी पूर्ण वाचत नाही, आणि न वाचल्यामुळे त्याला कुणी विरोधही करत नाही. मी लिहिलं की डब्याची रचना आतल्या पिशवीवर अवलंबून आहे. पिशव्या पुरवलेल्या नाहीत, त्यामुळे डबा रिकामा करण्याचं काम मंजूर पद्धतीत बसत नाही आणि ते झाडण्याच्या कामाचा भाग धरता येत नाही. पिशव्या येईपर्यंत ज्या संघटनेच्या मागणीवरून डबे बसले तिने आपल्या सभासदांमध्ये पाळ्या लावून ते रिकामे करावेत. सबब नोटीस मागे घ्यावी. यात सासूचा उल्लेख नव्हता. तो कुठल्या मुद्द्यात घालायचा हे मला कळलं नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. त्यांनी अभिप्राय पूर्ण वाचला होता.

"संघटना ऐकेल?"

"डबे देसाई सरांनीच मागितले होते, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सही केली. हेल्थ इन्स्पेक्टर साहेब त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचे. तसे आधीही तेवढंच बोलायचे, पण आता ते मुद्दाम असायचं.

देसाई सर चिडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते चिडले नाहीत. पहिली पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली. सकाळी रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, आणि घरातून आणलेला लांब झारा. ब्रूनोला त्यांनी बाकाला बांधलं. फिरणारे लोक फिरता फिरता वळून पाहत होते. थांबत कुणी नव्हतं. शेवंताक्का जरा अंतरावर झाडत होती. हजेरी तिची त्या दिवसापासून लागू लागली होती.

सरांनी पेटी उघडली, बादली बाहेर काढली, आणि लगेच खाली ठेवली. कुंपणाशी जाऊन वाकून उभे राहिले. परत आले. झारा आत घातला. पुन्हा थांबले.

शेवंताक्का झाडू टेकवून म्हणाली, "सर, नाकानं दम घेऊ नगा. तोंडानं घ्या. आन बगू नगा आत. बाजूला बगत खरवडा."

सरांनी तसं केलं. एकच डबा झाला. त्याला बराच वेळ लागला. मग तिने नळावरून बादली भरून आणली आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतलं, हातमोजे काढायच्या आधी एकदा आणि काढल्यावर पुन्हा. सर हात चोळत राहिले. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "मॅडम, याला काही मशीन नसतं का?"

"असतं सर. आपल्याकडे नाही."

"हं," म्हणाले. शेवंताक्काला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं."

ती म्हणाली, "तसं कुठं म्हटलं मी. ब्रूनोला सोडा, वराडतंय बगा."

दुसरी पाळी एका डॉक्टरांची होती. त्यांनी ड्रायव्हर पाठवला. ड्रायव्हरने पेटी उघडली, बंद केली, आणि गाडी घेऊन गेला. तिसरी पाळी कुणाची होती हे शेवटपर्यंत ठरलं नाही. त्यानंतर तळ्यावर कुत्री घेऊन येणारे लोक कमी होत गेले. भांडण नाही, ठराव नाही. ज्यांना फिरायचं होतं ते फिरायला येत, कुत्र्याशिवाय. देसाई सरही एकटे दिसू लागले. फटीतून शिरणाऱ्या पावसाने बाकीच्या बादल्या भरभरून वाहिल्या आणि आपोआप धुऊन निघाल्या, एक डबा सरांनी केलेलाच होता. जिल्ह्याची तपासणी आली तेव्हा चारही डबे उघडून दाखवले. आत बघण्यासारखे स्वच्छ. आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांचे फोटो काढले आणि इतर नगरपालिकांनी हे पाहून जावं असं लिहिलं. हेल्थ इन्स्पेक्टर साहेबांनी त्या दिवशी मला चहा पाजला.

शेवंताक्काची नोटीस मागे घेतली गेली. मधले गैरहजर दिवस दुरुस्त व्हायला वेळ लागला, पण झाले. ती अजून तळ्यावर आहे. फाटकाबाहेर पद्माक्कांनी एक दगडी फरशी ठेवून घेतली आहे. भाकऱ्या आता तिथे पडतात आणि पलटण तिथे बसते.

इथे मी थांबले असते. पण एका सकाळी नळगळतीची तक्रार होती म्हणून पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर गेले. तो रस्ता नव्या कॉलनीच्या मागच्या बाजूला आहे. एका कडेला झुडपं, दुसरीकडे मोकळे प्लॉट. मी वळले तेव्हा डॉक्टरांचा ड्रायव्हर कुत्रं घेऊन परत चालला होता. पुढे आणखी दोघे होते, साखळ्या धरून उभे, दुसरीकडे पाहत. त्यांच्या मागे ब्रूनो होता. सरांनी मला पाहिलं, हात वर केला, आणि जरा घाईने पुढे गेले. त्यांच्या हातात पिशवी नव्हती.

रस्ता झाडणारी मुलगी नवी होती. लक्ष्मी नाव, माझ्याच वयाची असेल. या वर्षी कंत्राटात घेतलेली. डांबरी रस्त्यावर नुसत्या झाडूने जे निघत नाही ते ती पत्र्याच्या तुकड्याने खरवडून पाटीत घेत होती. हातमोजे तिला अजून मिळाले नव्हते. हाताला तिने दुधाच्या पिशव्या बांधल्या होत्या. मी उभी राहिले तशी ती उठून उभी राहिली.

मी विचारलं, "रोज असतं हे?"

"व्हय. सकाळी असतंय."

"मुकादमाला सांगितलंस?"

"न्हाय ओ."

"तुला हे उचलायला लागू नये. तसा अभिप्राय आहे ऑफिसात. तू नाही म्हणू शकतेस."

हे बोलताना मला ते खरं वाटत होतं. अभिप्राय डब्यांविषयी होता. रस्त्याविषयी त्यात काही नव्हतं, हे खोलीवर परतल्यावर माझ्या लक्षात आलं. आता रस्त्याविषयी दुसरा लिहिला आहे, तोही इंग्रजीत, आणि तो अजून टेबलावरून पुढे गेलेला नाही.

लक्ष्मीने माझं सगळं ऐकून घेतलं. मग हातावरची दुधाची पिशवी दातांनी घट्ट करून गाठ मारली.

"ते शेवंतामावशी म्हणू शकत्यात मॅडम," ती म्हणाली. "मला अजून कायम व्हायचं हाय."

आणि खाली बसून तिने पत्रा उचलला.